दोन अंगठे आणि चंद्री

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. श्रावणातला सोमवार होता. आमच्या दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या निम्म्या बायकांना उपास होता, त्यामुळे कुरबुरही जास्त होती. त्या गर्दीतून एक उंच म्हातारी मागं न बघता सरळ माझ्या टेबलाशी आली. तिच्या मागून हनुवटीपर्यंत पदर ओढलेली सून आली.

"दाव हात," म्हातारी म्हणाली.

पदराखालून उजवा हात पुढं आला. मी म्हटलं, "अंगठा वाकवा." वाकला. "आता सरळ करा." होईना. सुनेनं डाव्या हातानं तो धरून ओढला, तसा कट् करून आवाज झाला आणि चाकू उघडावा तसा अंगठा उघडला.

"ऐकलासा?" म्हातारी म्हणाली. "ह्योच आवाज. आमच्या चंद्रीला ह्योच खपत न्हाई."

"चंद्री कोण? धाकटी सून का?"

"म्हस हो, डॉक्टरीणबाई! सुनंला खपत न्हाई म्हणून कोण दवाखान्यात येतंय?"

बाकावरच्या बायका उपास विसरून हसल्या. पदरही किंचित हलला.

म्हातारीचं नाव कोंडाबाई गवळी. सुनेचं नाव तिनंच सांगितलं, रत्नमाला. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर यांच्या म्हशी उभ्या राहत. गिऱ्हाइकानं समोर उभं राहायचं, डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला ग्लास त्याच्या हातात द्यायचा, असा तो धंदा. बाकीच्या म्हशी कोंडाबाईचा मुलगा पिळायचा. चंद्री मात्र रत्नमालाच्या माहेराहून आंदण आलेली. ती रत्नमालाखेरीज कुणाला सरळ उभी राहायची नाही. आणि आता धार काढता काढता अंगठा अडकला, कट् वाजला, की ती दचकायची, लाथ झाडायची आणि पान्हा चोरायची.

"पोरगा म्हणतोय, इकून टाकू," कोंडाबाई म्हणाली. "दिवाळीच्या आत. गिऱ्हाईक बी आणलंय त्यानं, जयसिंगपूरचं. तवा अंगठा सोडवा, न्हाईतर म्हस बाजारात."

हे वाक्य तिनं इतक्या मोठ्यानं आणि इतक्या कोरडेपणानं म्हटलं, की मला तिचा रागच आला. सुनेनं हात पदराखाली ओढून घेतला.

"दुसरा दाव," म्हातारी म्हणाली.

डावा अंगठाही तसाच होता. गवळी लोक अंगठा मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून धार काढतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोन्ही अंगठ्यांच्या पाठीवर, त्या पेरापाशी, खजुराच्या बीएवढे घट्टे होते.

मी तेव्हा अस्थिरोगाचं शिक्षण घेत होते. हाडं बसवायला बाई, याचं लोकांना फार नवल वाटे. एक पैलवान तर मला बघून निखळलेला खांदा तसाच घेऊन परत गेला होता. माझे गुरू डॉ. हेर्लेकर. सर उंचीनं लहान, आवाजानं मोठे. त्यांचा हात इतका हलका होता, की बेळगाव-सांगलीहून अडकलेली बोटं घेऊन लोक त्यांच्याकडे येत. आपलं बोट ज्या दोरीनं वाकतं, ती दोरी एका अरुंद नळीतून सरकते. दोरीला गाठ आली, की ती नळीच्या तोंडाशी अडकते. त्यावर सर सूज उतरवणारं औषध टोचत, तेही थेट नळीच्या आत. नळी म्हणजे गव्हाच्या काडीएवढी. सुई आत गेली नाही, तर औषध वाया गेलं, असं ते पंधरा वर्षं शिकवत आले होते.

एकदा मी बोलून गेले, "सर, आणि बाहेरच राहिलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं कातडीखाली सोडलं, नळीच्या बाहेर. तरी झिरपून पोचणार नाही का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कुरुंदवाडकर," ते म्हणाले, "तुमच्या प्रबंधाला विषय मिळाला. बघूच."

त्यातून हा खटाटोप सुरू झाला. अडकलेला अंगठा आला, की सर पडद्यामागं खिशातून नाणं काढून उडवत. छापा पडला तर सुई नळीच्या आत, काटा पडला तर बाहेर, अंगठ्याच्या कडेनं कातडीखाली. मी पडद्याच्या अलीकडे. कुणाला काय मिळालं ते मला कळता कामा नये, कारण पुढं अंगठा सुटला की नाही ते मी ठरवणार. "परीक्षक आंधळा हवा," सर म्हणत. "डोळस परीक्षक आपल्या आवडीचा निकाल बघतो." शिवाय सरांचा एक नियम होता. एका माणसाचा एकच अंगठा. दुसरा, पहिल्याचा निकाल पुरता लागल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी.

रत्नमाला पडद्यामागं गेली. नाणं जमिनीवर पडून घरंगळल्याचा आवाज आला, मग सरांचा, "थांबा, हलू नका." तिनं हूं की चूं केलं नाही.

बाहेर आल्यावर कोंडाबाई म्हणाली, "आता डावा."

"डावा पुढच्या वर्षी," सर म्हणाले.

"म्हस काय एका हातानं पिळत्यात व्हय?"

"नियम आहे, आजी."

"कुणाचा?"

"माझा."

"मग तुमीच मोडा की."

सरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. खरं तर सर कुणाकडेच बघत नसत. त्यांना माणसं अंगठ्यापासून मनगटापर्यंतच दिसायची. कोंडाबाई सुनेला घेऊन तरातरा निघून गेली. दारातून तिचा आवाज आला, "चल गं. लई शिकल्याली माणसं हाईत."

पुढच्या तपासणीला दोघी आल्या, तेव्हा उजवा अंगठा लोण्यासारखा फिरत होता. मी विचारलं, "दुखतं का?" सासू म्हणाली, "न्हाई दुखत." मी म्हटलं, "त्यांना बोलू द्या." पदर नुसता डावीकडून उजवीकडे हलला. डावा अंगठा तसाच अडकलेला होता. आश्चर्य म्हणजे कोंडाबाईनं त्या दिवशी डाव्याचा विषयच काढला नाही. मला वाटलं, म्हातारीनं म्हैस विकायचं मनावर घेतलेलं दिसतंय.

आमच्या दवाखान्याचं महिन्यातून एकदा पाडळीला शिबिर असे. शाळेच्या खोलीत टेबल टाकायचं, पडदा म्हणून कुणाचं तरी लुगडं बांधायचं. गौरी-गणपतीच्या दिवसांत आम्ही गेलो, तर गाव माहेरवाशिणींनी भरून गेलेलं. त्यातली एक माझ्यासमोर येऊन बसली ती बोलतच.

"तुमीच व्हय त्या हाडाच्या डॉक्टरीणबाई? आमच्या गावात लई नाव हाय तुमचं. बाई हाडं मोडती म्हणत्यात."

"मोडत नाही, बसवते."

"त्येच ते. ह्यो बघा माझा अंगठा." तिनं डावा हात टेबलावर आपटला. डोक्यावर पदर नाही, केसात गौरीचा तेरडा, तोंडात शेंगदाणे. "भावजय म्हणती, नणंद कामाला नको म्हणून सोंग करती. सोंग आसं वाजतंय का हो?" तिनं अंगठा ओढून कट् वाजवून दाखवला. मी नाव विचारलं. शेजारी तिचा भाऊ उभा होता. "नाव सांग की रं दादा, मला काय इचारत्यात."

"छबू ज्ञानू चौगुले," भाऊ म्हणाला.

लुगड्याच्या पडद्यामागं नाणं उडालं. लगेचच छबूनं अशी काही बोंब ठोकली, की शाळेच्या ओसरीवरची पोरं आणि कोंबड्या एकदम पळाल्या. "आई गं! सुई हाय का दाभण? ओ डॉक्टर, अंगठा सोडवायचाय, तोडायचा न्हाई!" सर बाहेर आले ते घाम पुसतच. तिला त्यांनी बजावलं, पुढच्या शिबिरापर्यंत या हातानं जड काम करायचं नाही.

"भावजयीला सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. ती दारात उभी हाय."

दसरा झाला. पुढच्या शिबिराला छबू पुन्हा आली. अंगठा वाकला, सुटला, वाजला नाही. मी दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला सांगितले, कारण सूज ताडून बघायला दुसरा हात लागतो. तिनं उजवा पुढं केला, मग पटकन मागं घेतला.

"काय झालं?"

"काय न्हाई. त्यो बरा हाय."

"बरा असेल तर दाखवायला काय हरकत आहे?"

उजव्या अंगठ्याच्या कडेला, कातडीवर, वाटाण्याएवढा पांढरट डाग होता. असे डाग मी त्या महिन्यांत बरेच बघितले होते. औषध कातडीखाली राहिलं, की काही जणींचा रंग तिथं उडतो. पुढं भरून येतो. म्हणजे हा अंगठा आमच्याच सुईचा होता. पण छबू चौगुलेला तर आम्ही उजव्या अंगठ्यात काहीच टोचलं नव्हतं. मग माझी नजर पेरावरच्या घट्ट्यांवर गेली. खजुराच्या बिया.

मी हळूच म्हटलं, "रत्नमाला?"

ती शेंगदाणे खायची थांबली. आणि तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला, नसलेला पदर ओढायला.

सर पाठमोरे हात धूत होते. ते वळले. "कोण रत्नमाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. सरांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, त्यांनी एका पेशंटच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"तुम्ही खोटं नाव दिलंत?"

"मी कुठं खोटं बोललो?" कोल्हापूरच्या बायका 'बोलले' म्हणत नाहीत. "छबू माझंच नाव हाय. आईनं ठेवलंय. लग्नात त्यांनी तांदळात रत्नमाला लिवली, त्ये बी माझंच. हितं मला रत्नमाला म्हणून हाक मारा, कुत्रं बी वळून बघायचं न्हाई."

"एका माणसाचा एकच अंगठा, असा नियम होता!"

"मग? रत्नमालाचा एक, छबूचा एक."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. मला हसू आवरेना म्हणून मी टेबलावरचा कापूस उगीच गोळा केला.

"तुम्हाला समजतंय का, तुम्ही काय केलंत?" सर म्हणाले. "दोन्ही नावं बाद करावी लागतील. सगळी मेहनत गेली."

"तुमची मेहनत गेली, माझी म्हस जायला लागल्या!" तिचा आवाज एकदम चढला, आणि मग तितकाच खाली आला. "उद्या सकाळी त्यो जयसिंगपूरवाला येतोय. इतके दिवस मला हात लावू दिला न्हाई तुमी. आत्याबाई कशीबशी पिळत्यात तिला, निम्मं दूध चोरती. मालक म्हणत्यात, उद्या हिनं सरळ धार दिली तर ऱ्हाईल, न्हाईतर त्याच्या गाडीत चढंल. उद्या मी पहिल्यांदा दोन्ही हातांनी बसणार. चंद्री माझ्या बानं बोट धरून आणल्यागत आणली हुती माझ्यासंगं. आता तुमीच सांगा, मी पुढच्या वर्षापतोर कशी थांबू?"



मला एक प्रश्न गप्प बसू देईना. "रत्नमाला... छबू, एक सांगा. दोन्ही सुया तुम्ही घेतल्यात. जगात दुसरं कुणी मला हे सांगू शकणार नाही. कुठला अंगठा जास्त बरा आहे?"

सर रागावलेले होते, तरी त्यांचे कान टवकारले, हे मला दिसलं.

तिनं दोन्ही अंगठे वाकवले, उघडले, पुन्हा वाकवले. "टोचताना डावा लई दुखला. उजव्याला मुंगी चावली म्हणा. पण बरा कुठला, त्ये आसं हवेत फिरवून काय कळतंय? म्हशीला इचारा. तिला म्हाईत न्हाई तुमी कुठं काय टोचलं."

सरांनी टॉवेल खाली ठेवला.

"कुरुंदवाडकर," ते म्हणाले, "उद्या सकाळी किती वाजता उजाडतं?"

आम्ही पोचलो तेव्हा कट्ट्यावर धुकं आणि शेणाचा वास होता. तांब्या-किटल्या घेतलेली माणसं, तालमीतून आलेली पोरं, कडेला मफलर गुंडाळलेला एक जाडजूड माणूस. तोच जयसिंगपूरवाला. त्याच्या बाजूला रत्नमालाचा नवरा बाबूराव हाताची घडी घालून उभा. कोंडाबाई ओट्यावर ग्लास मांडून बसलेली. सरांना बघून तिनं भुवया उंचावल्या.

"दूध प्यायला आलासा का नियम सांगायला?"

"बघायला," सर म्हणाले.

चंद्री काळीभोर, शिंगं मागं वळलेली, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. सरांना इतकं जवळ आलेलं बघून तिनं फुस्स केलं. सर मागं सरकून माझ्या पायावर उभे राहिले.

रत्नमाला आली. डोक्यावर पदर, तोंडानं एक शब्द नाही. पण काल मी तिचं बोलणं ऐकलं होतं, त्यामुळे त्या पदराआड काय चाललं असेल ते मला आता कळत होतं. तिनं रेडकू सोडलं, चार घोट पिऊ दिलं, बाजूला बांधलं. कासेला पाणी लावलं. चरवी गुडघ्यांत धरली. मग आधी एकट्या उजव्या हातानं, नेहमीसारखा अंगठा मुडपून, तिनं सड धरला.

सर्र. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली.

"बाहेरची," सर माझ्या कानाशी पुटपुटले.

दहा-बारा धारा झाल्या. चंद्री रवंथ करत उभी. मग रत्नमालानं उजवा हात सोडला आणि डावा लावला. तिनं दाबलं. काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. चंद्रीनं मागचा पाय उचलला.

बाबूराव म्हणाला, "बघितलंसा पाव्हणं?" जयसिंगपूरवाला मफलर सोडून पुढं आला. माझ्या शेजारी सरांनी श्वास रोखून धरला होता. डावा अंगठा त्यांचा होता. नळीच्या आत, त्यांच्या हातानं, त्यांच्या पंधरा वर्षांच्या विश्वासानं टोचलेला. त्यांना तो जिंकायला हवा होता, आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी कुणीही जिंकलेलं चाललं असतं, फक्त त्या म्हशीनं लाथ मारू नये.

"पाय उचलला म्हंजे मारला न्हवं," ओट्यावरून कोंडाबाई म्हणाली. "गप ऱ्हावा सगळी. माणसं बघून बुजलीया ती. ए बाबू, माग हो. पाव्हणं, तुमी बी. डॉक्टर, तुमी तर लईच माग व्हा."

सगळे मागं सरकले. रत्नमालानं कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवलं. पदराखालून ती काहीतरी बोलत होती, अगदी हळू. ऐकू आलं नाही, पण बोलण्याचा तो भरभर सूर मी ओळखला. तो पाडळीचा होता. तिथं छबूच बसली होती.

चंद्रीनं पाय खाली ठेवला. शेपूट एकदा फिरवली.

सर्र.

मग दोन्ही हात. उजवा, डावा, उजवा, डावा. दोन धारा एकमेकींच्या पाठोपाठ पडू लागल्या आणि बघता बघता तळाचा आवाज जाऊन फेसाचा आवाज यायला लागला. सर नकळत पुन्हा पुढं गेले होते. ते वाकून, डोळे मिटून ऐकत होते.

"कुठली जोरात आहे?" मी विचारलं.

त्यांनी हातानं गप्प राहायला सांगितलं. चरवी निम्मी भरली. मग ते म्हणाले, "ओळखू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सारख्याच आहेत, कुरुंदवाडकर. आत काय, बाहेर काय." ते सरळ झाले. मला वाटलं, आता हे चिडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि एखाद्या शाळकरी पोराला कोडं सुटावं तसे हसले. "म्हणजे कुठल्याही खेड्यातल्या डॉक्टरला हे टोचता येईल. माझ्या हाताची गरजच नाही."

जयसिंगपूरवाल्यानं मफलर पुन्हा गुंडाळला. बाबूराव त्याला म्हणाला, "दुसरी एक हाय, ती बघतासा का?" आणि दोघं पलीकडे गेले. रत्नमालानं मान वर केली नाही, धार चालूच ठेवली. पण तिच्या खांद्यांकडे बघून मला कळलं, की ती रडते आहे.

कोंडाबाईनं पहिला ग्लास भरून सरांपुढं धरला. "घ्या. नियमात बसतंय न्हवं?"

ग्लास देणाऱ्या त्या हाताकडे मी बघत राहिले. तिचा अंगठा आत वळून कायमचा कोयत्यासारखा झाला होता. न सुटणारा, न वाजणारा.

"आजी, हा कधीपासून?"

"ह्यो? बाबू पाळण्यात हुता तवापासनं. मी बी म्हशीच पिळल्या की. आदी वाजायचा, मग वाजायचा बी बंद झाला. आमच्या येळंला सुई न्हवती, शेक हुता." तिनं सुनेकडे मान वळवली आणि आवाज उतरवला. "माझी बी एक म्हस आली हुती माहेरची. अंगठा गेला, म्हस गेली. मालकांनी बाजार दावला. हिचं तसं हुऊ नये म्हणून म्हटलं, जा पाडळीला, माहेरचं नाव सांग. बाबूला गौरीचं निमित्त सांगितलं. त्याला वाटतंय, म्हातारी इकाय निघाल्या. मीच रोज दिवाळी, दिवाळी करून त्याला थोपवत हुतो."

सरांचा ग्लास तोंडाशीच राहिला. "म्हणजे हे तुम्ही ठरवलंत?"

"तुमीच म्हणला न्हवं, एका माणसाला एकच. मग माणसं दोन केली."

सरांनी तिचा हात हातात घेऊन अंगठा बारकाईनं बघितला. "याला आता सुई चालणार नाही. पण लहानशी शस्त्रक्रिया करून मोकळा करता येईल."

"नगं," तिनं हात काढून घेतला. "ग्लास धरायला बरा पडतोय."

प्रबंधातून रत्नमाला आणि छबू दोघींनाही वगळावं लागलं. नियम तो नियम. शिवाय सर म्हणाले तेही खरं होतं, की एकाच शरीरात दोन सुया गेल्यावर कुणी कुणाला मदत केली, हे कळायला मार्ग नाही. पण बाकीच्या बायकांचा निकालही शेवटी चंद्रीसारखाच लागला. आत आणि बाहेर यांत फारसा फरक नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, तुमच्या गुरूंचं मत तर वेगळं होतं? सर मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "होतं."

त्यानंतर सर खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना जमवून ही बाहेरची सुई शिकवत हिंडले. शिकवताना ते पेशंटचं नाव विचारत, मग हळूच "आणि माहेरचं?" असंही विचारत. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी ते झोपेतच गेले. कोंडाबाई त्यांच्या आधी गेली, ओट्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाशी भांडताना. बाबूरावानं कट्ट्याची जागा ठेवली, पण म्हशी कमी केल्या आणि चारचाकी घेतली. पाडळीचा भाऊ सरपंच झाला. मी सांगलीत दवाखाना काढला आणि आयुष्यभर अंगठे सोडवले, बहुतेक बाहेरूनच.

चंद्री कट्ट्यावर आणखी चार वेतं राहिली. आटली तेव्हा कुणी बाजाराचं नाव काढलं नाही. गोठ्यातच गेली.

सर जाऊन बरेच दिवस झाल्यावर रत्नमाला सांगलीला माझ्याकडे आली. केस पिकलेले, डोक्यावर पदर नाही, आणि दारातूनच बोलणं सुरू. तिनं टेबलावर उजवा हात ठेवला. अंगठा वाकवला. सरळ होईना. डाव्या हातानं ओढला, कट्.

"परत?" मी दचकले. "आणि डावा?"

"डावा झ्याक हाय. कदी वाजला न्हाई त्यो."

मी दोन्ही अंगठे हातात घेऊन बसले. उजवा, बाहेरचा, परत आला होता. डावा, सरांचा, आतला, इतक्या वर्षांत एकदाही नाही. म्हणजे सरांचंच खरं होतं का? की ती उजव्या हाताची बाई म्हणून उजव्यावर ताण जास्त पडला? की नुसता योगायोग? सर असते तर रात्री बेरात्री फोन करून त्यांना उठवलं असतं. आता विचारायला तेही नव्हते, आणि चंद्रीही नव्हती.

"काय बघतायसा इतकं?" ती म्हणाली.

"विचार करते, या वेळी आत देऊ की बाहेर."

"आत दिली तर बोंबलीन हां, आधीच सांगतो. तुमची बाकावरची सगळी माणसं पळतील."

"पण बाहेरचा पुन्हा अडकला ना?"

"मग काय झालं?" तिनं पिशवीतून खरवसाचा डबा काढून माझ्या कागदांवर ठेवला. "द्या बाहेरच. परत अडकला तर परत येतो."